कागदावर पीयूसी पास, मशीनवर फेल: जुनी स्पोर्ट्स कार घेण्याआधी अडकलेलं गाडं

लक्षणं आधी सांगतो म्हणजे ज्याला हाच त्रास आहे तो पुढे वाचेल, बाकीच्यांनी चहा घ्या.

दोन दरवाजांची जर्मन टर्बो पेट्रोल कूपे, २०१३ ची, एमएच १२ म्हणजे पुणे पासिंग, मीटरवर ५८ हजार किमी, डॅशबोर्डवर एकही दिवा पेटलेला नाही, विकणाऱ्याच्या हातात पीयूसी आहे आणि ती अजून सात महिने चालेल, आणि तरी गाडी मशीनला लावली की फेल. एकदा नाही तीनदा, तीन वेगळ्या सेंटरांवर, आणि मजा म्हणजे तिन्ही वेळा आकडे वेगळे. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही कारण दोष कंपनीचा नव्हताच, पुढे कळेल.

गाडी माझी नाही, मावसभावाची, म्हणजे तेव्हा त्याचीही नव्हती, तो फक्त प्रेमात पडला होता. गोव्यात पर्वरीला हायवेलगतच्या एका यार्डात ती लाल गाडी उभी होती, तिथल्या पोराने स्टार्ट करून एक रेस दिली, असा खर्जातला आवाज आला की पलीकडे झोपलेलं कुत्रं उठून चालायला लागलं, आणि आमच्या भावाने तिथल्या तिथे टोकन पाठवायला खिशातून फोन काढला. मी हात धरला. म्हटलं आधी नवीन पीयूसी काढू, आपण स्वतः मशीनसमोर उभं राहून, मग काय ते टोकन दे.

"दादा, पीयूसी आहे ना. तारीख बघ."

तारीख बघून काय करू? ती कधीतरी, कुठेतरी, कुणीतरी काढलेली. त्या दिवशी गाडीला कुठला पाइप होता हे त्या कागदावर छापत नाहीत.

मी मेकॅनिक नाही, आधीच सांगतो. वेर्ण्याला फॅक्टरीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे, दिवसभर आकडेच बघतो, आणि रविवारी डिचोलीत आमच्या मेस्त्रीच्या गॅरेजात जाऊन बसायची जुनी खोड आहे. त्यामुळे मला पास की फेल यात तेवढा रस नसतो, स्क्रीनवर चार आकडे काय आले ते मी फोनवर फोटो काढून घेतो. हे तुम्ही पण करा, पीयूसीवाला फार तर विचित्र नजरेने बघेल.

पहिली टेस्ट एका पेट्रोल पंपावर. पीयूसीवाल्याने नळी उजव्या पायपात खुपसली. आयडलला (पेडल न दाबता) सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड ०.०५ टक्के, एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल २२ पीपीएम. भाऊ माझ्याकडे असा बघायला लागला की मीच गाडी बनवली होती आणि खोटं बोललो होतो. मग त्याने अडीच हजार आरपीएमवर धरायला सांगितलं आणि लॅम्डाच्या (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे बरोबर) घरात भलताच आकडा आला, मशीन म्हणे फेल. पीयूसीवाला म्हणाला सेन्सर गेला असेल, शोरूमला दाखवा. मी फोटो नीट बघितला तर सीओटू (कार्बन डायऑक्साइड) फक्त ३ टक्के आणि ऑक्सिजन १६ च्या वर. आता चालू पेट्रोल इंजिनाच्या धुरात सीओटू १४-१५ टक्के असायला पाहिजे. ३ टक्के म्हणजे मशीन गाडीचा धूर मोजतच नव्हतं, पंपावरची हवा मोजत होतं.

कारण सापडायला दहा मिनिटं लागली आणि ते इतकं साधं आहे की लाज वाटते. या अशा गाड्यांना बऱ्याचदा मागे दोन पाइप असतात आणि त्यातल्या एकाला आत झडप असते, आयडलला ती बंद, रेस दिली की उघडते, आवाजाच्या खेळासाठी. आम्ही दोन्ही पायपांसमोर तळवा धरून बघितला, डावीकडून गरम ओलसर फुंकर आणि उजवीकडे काहीच नाही, नळी बरोबर त्या बंद पायपात. म्हणून दुहेरी पाइप असेल तर आधी तळवा धरा (दोन इंच लांबून, चटका बसतो) आणि जिथून धूर येतोय तिथे नळी घालायला सांगा, ती पण नीट आत, वीतभर तरी. नुसती टोकाला अडकवली की बाहेरची हवा मिसळते आणि आकडे एकतर खोटे चांगले येतात नाहीतर लॅम्डा बोंबलतो.

दोन दिवसांनी म्हापशाला दुसऱ्या सेंटरवर, यावेळी डावा पाइप. आयडलला सीओ ०.७४, एचसी २६५, सीओटू १४.२, लॅम्डा १.००. परत फेल, पण आता खऱ्या अर्थाने.

इथे थोडं थांबून आकड्यांचं सांगतो कारण सगळी गोम इथेच आहे. मर्यादा गाडीच्या वर्षावर नाही, ती कुठल्या बीएसची (भारत स्टेज, म्हणजे धुराचे सरकारी नियम) आहे त्यावर ठरते आणि ते बहुधा आरसीवर लिहिलेलं असतं. बीएस फोर आणि बीएस सिक्स पेट्रोल चारचाकीला आयडलवर सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएमच्या आत पाहिजे, आणि वर अडीच हजार आरपीएमवर सीओ ०.२ च्या आत आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३. बीएस टू आणि थ्रीला सीओ ०.५ आणि एचसी ७५०, त्याहून जुन्या गाड्यांना सीओ ३ आणि एचसी १५०० पर्यंत चालतं. पुण्या-मुंबईत बीएस फोर १ एप्रिल २०१० पासूनच सक्तीचं होतं आणि सगळ्या देशात १ एप्रिल २०१७ ला झालं, म्हणजे मधल्या वर्षांतली एकाच सालची एक गाडी बीएस थ्री आणि दुसरी बीएस फोर असू शकते. मित्राची तेराची गाडी एचसी ४०० ला पास झाली म्हणून तुमची होईल असं नाही. आणि हो, पीयूसीवाल्याने कॉम्प्युटरवर नंबर टाकल्यावर कुठलं बीएस आलंय ते एकदा डोळ्याखालून घाला.

आता आकड्यांच्या जोड्या. एकटा आकडा काही सांगत नाही, जोडी सांगते.

सीओ खूप जास्त, दोन-तीन टक्के, आणि लॅम्डा ०.९७ च्या खाली, तर इंजिनात पेट्रोल जास्त पडतंय: इंजेक्टर गळतो, एअरफ्लो सेन्सर मळलाय, किंवा थर्मोस्टॅट उघडा अडकलाय आणि इंजिनला वाटतं आपण अजून थंडच आहोत. टेम्परेचरचा काटा चढून मधे येतच नसेल तर आधी थर्मोस्टॅट बदला, स्वस्त काम आहे. एचसी भरमसाट आणि सीओ मात्र कमी, ऑक्सिजन वर, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही, प्लग नाहीतर कॉइल, किंवा कुठूनतरी फुकटची हवा शिरतेय. या टर्बो डायरेक्ट इंजेक्शनवाल्या इंजिनांत पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये पडतं, इनटेक वाल्व्हवरून धुऊन जात नाही, म्हणून वाल्व्हच्या पाठीवर काजळीचे थर बसतात आणि सकाळी थंड असताना गाडी आचके देते, तेव्हा एचसी वर जाणारच. सीओ, एचसी ठीक आणि फक्त लॅम्डा १.०३ च्या वर, तर इंजिनाकडे बघू नका, सायलेन्सरच्या लाइनमध्ये गळती शोधा.

आणि चौथी जोडी, आमची. लॅम्डा बरोबर १.००, सीओटू झकास, म्हणजे हवा-पेट्रोलचं गणित चोख आहे, पण सीओ आणि एचसी दोन्ही मर्यादेच्या वर आणि दोन्ही थोडेच वर. इंजिन कितीही चांगलं असलं तरी त्याच्या पोटातून बाहेर पडताना सीओ अर्धा-एक टक्का आणि एचसी काही शेकड्यांत असतंच, पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ते जाळून जवळपास शून्यावर आणतो. तो काम करत असेल तर सीओ ०.०२ वगैरे येतो. ०.७४ येतोय म्हणजे इंजिनाचा कच्चा धूर जसाच्या तसा मागे येतोय.

कॅट एकतर थंड आहे, नाहीतर मेलाय, नाहीतर तिथे नाहीच.

थंड असण्याची शक्यता आधी काढून टाका, ती फुकट आहे. कॅट साधारण २५०-३०० डिग्रीला गेल्याशिवाय कामाला लागत नाही. लोक काय करतात, घराजवळच्या सेंटरवर पाच मिनिटांत जातात, तिथे रांग असते, अर्धा तास आयडलवर उभे, एसी चालू, आणि नंबर येईपर्यंत कॅट परत निवलेला. आम्ही म्हापशाहून पणजीपर्यंत हायवेने जाऊन परत आलो, पणजीच्या अटल सेतूवरून खाली उतरताना भाऊ "बघ कशी ओढते" म्हणून तीनदा गिअर पाडून दाखवत होता, आणि आल्या आल्या गाडी बंद न करता दोन-तीन मिनिटं अडीच हजारावर धरून मग नळी घातली होती. म्हणजे थंड नव्हता.

यार्डवाल्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर तो म्हणाला गाडी ठेवून जा, आमचा माणूस बघेल. चार दिवसांनी बोलावलं. नवीन प्लग घातले, टाकीत कसलीतरी क्लीनरची बाटली ओतली, चोर्लाचा घाट चढवून आणली म्हणे. तिसऱ्या सेंटरवर सीओ ०.४६, एचसी १८८. एचसी पास, सीओ फेल. यार्डवाला खूश, "बघा, सुधारतेय, अजून एक बाटली टाकू." इथे बहुतेक लोक फसतात, कारण आकडा खाली आलाय ना. प्लग नवे घातले की कच्चा धूरच थोडा सुधारतो, त्याचा कॅटशी संबंध नाही. दुसऱ्या बाटलीने फार तर मर्यादेच्या एक केसभर खाली येईल, त्या दिवशी पास होईल, टोकन जाईल, आणि पुढच्या टेस्टला तुम्ही परत तिथेच. कोणीतरी थिनर टाकायचा सल्ला पण देईल, त्याच्यापासून लांब राहा, बाकी काही नाही तर रबराच्या पायपांची दया येऊ दे.

त्या दिवशी मी सोबत ओबीडीचा (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा) छोटा स्कॅनर नेला होता, ब्लूटूथवाला, ऑनलाइन हजाराच्या आत मिळतो. पेडलजवळच्या सॉकेटला लावून फोनवर बघायचं. एरर कोड एकही नाही. पण कोड नसणं वेगळं आणि कोड पुसणं वेगळं. स्कॅनरच्या यादीत खाली एक ओळ असते, कोड क्लिअर केल्यापासून गाडी किती किमी चालली, ती कोणी बघत नाही. तिथे होतं ११. अकरा किमी! म्हणजे आम्ही यायच्या थोडं आधी कोणीतरी मेमरी पुसली होती. शिवाय रेडीनेसमध्ये कॅटॅलिस्टच्या समोर "अपूर्ण", म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने अजून कॅटची स्वतःची तपासणीच केलेली नाही, ती करायला त्याला नीट चालवायला लागतं.

मग लाइव्ह डेटा. कॅटच्या पुढे एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि मागे एक. कॅट जिवंत असेल तर मागच्याची रेघ गरम इंजिनावर ०.६-०.७ व्होल्टला जवळपास सपाट राहते, कारण कॅटच्या आत चढउतार पचून जातो. आमची रेघ ०.१ ते ०.८ मध्ये झुलत होती, पण झुलत पण आळसावून, जांभया देत. सरळ मेलेला कॅट असता तर भराभर नाचली असती. हा आळस मला कळला नाही, त्याचा अर्थ मेस्त्रीने सांगितला.

एक मधेच: याच स्क्रीनवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती कमीजास्त पेट्रोल टाकतोय) अधिक ७ टक्के दिसत होता आणि यार्डवाल्याचा माणूस लगेच "व्हॅक्युम लीक", म्हणजे फुकटची हवा शिरतेय, म्हणायला लागला. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्याला शुद्ध पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते म्हणजे त्याच हवेला जास्त इंधन टाकायला लागतं, जुन्या गाडीचा कॉम्प्युटर तेवढं वाढवून घेतो, म्हणून पाच ते आठ टक्के अधिक दिसणं हे आजकाल दुखणं नाही. पंधरा-वीस असेल तर शोधा.

शेवटी मी अट घातली की गाडी आमच्या मेस्त्रीच्या रॅम्पवर चढेल, नाहीतर राम राम. यार्डवाला कुरकुरला पण आला, स्वतः आला, डिचोलीपर्यंत.

आमचा मेस्त्री साठीचा माणूस, कॉम्प्युटरला हात लावत नाही, त्याच्याकडे एक लाकडी हातोडी आहे आणि एक बॅटरी. गाडी वर घेतली, खाली उभा राहिला, कॅटच्या डब्यावर हातोडीने दोनदा टकटक केलं. चांगल्या कॅटच्या आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते, आवाज भरीव, बद्द येतो. फुटलेल्या कॅटमध्ये तुकडे खुळखुळतात. इथे टण्ण वाजलं, खोबरेल तेलाचा रिकामा डबा वाजवावा तसं. मेस्त्री कोकणीत म्हणाला, "भितर कांय ना." आत काहीच नाही.

मग बॅटरी मारून दाखवलं. बाहेरून कॅटसारखा दिसणारा गोल डबा, पण चकचकीत स्टीलचा, बाकी सगळी लाइन तेरा वर्षांच्या मातीने आणि गंजाने तपकिरी आणि हा एकटाच मधे नवऱ्यामुलासारखा. त्याच्यावर कंपनीचा नंबर नाही, शिक्का नाही, दोन्ही टोकांना हाताने मारलेलं वेल्डिंग. आणि मागचा सेन्सर, "हें पळय" (हे बघ) म्हणून त्याने बोट लावलं, तो पायपात नीट बसलेलाच नव्हता, बोटभर लांबीची एक पोकळ नळकांडी मधे घालून बाहेर काढलेला. म्हणजे सेन्सर धुराच्या प्रवाहात नाही, बाजूच्या गल्लीत बसून वास घेतोय, त्याच्यापर्यंत धूर उशिरा आणि अर्धामुर्धा पोचतो, म्हणून रेघ आळसावलेली, आणि कॉम्प्युटरला बरेचदा वाटतं की कॅट बरा आहे. बरेचदा, नेहमी नाही. कधीतरी पी०४२० हा कॅटचा कोड येतोच, म्हणून टेस्टच्या आधी पुसायचा.

तर हा सगळा प्रकार म्हणजे डीकॅट, कॅट काढून जागी पोकळ पाइप. ताकद थोडी वाढते, आवाज भरपूर वाढतो, रीलवर छान वाटतं. कायद्याने मात्र गाडीत असा बदल चालत नाही, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५ हजार दंड, कैदेची पण तरतूद आहे, आणि पीयूसी नसताना पकडलं तर वेगळे १० हजारांपर्यंत. मालक म्हणजे कोण, तर ज्याच्या नावावर आरसी आहे तो, पाइप बसवणारा नाही. भावाला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पहिल्यांदा जरा उतरला.

यार्डवाल्याचं म्हणणं त्याला माहीत नव्हतं. असेल, नसेल, मी वाद घातला नाही. मी एवढंच विचारलं, मूळ कॅट कुठे आहे? कारण नवीन कंपनीचा घ्यायचा तर कोटेशन लाखांत, आत प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं, भंगारवाले पण म्हणूनच मागे लागतात आणि बरेच जण काढलेला कॅट विकून मोकळे होतात. तो नसेल तर तेवढे पैसे किमतीतून वजा, नाहीतर गाडी तुमची तुम्हाला. त्याने तिथेच रॅम्पखाली उभं राहून पुण्याच्या आधीच्या मालकाला फोन लावला आणि नशीब असं की त्या माणसाने तो टाकला नव्हता, फ्लॅटच्या माळ्यावर गोणीत बांधून ठेवलेला. तिसऱ्या दिवशी पहाटे रात्रीच्या बसने गोणी म्हापशाला उतरली. मेस्त्रीने आधी एका बाजूने बॅटरी मारून दुसऱ्या बाजूने बघितलं, जाळी अखंड, वितळलेली नाही, मग बसवायला घेतला.

बसवताना जॉइंटच्या तीनपैकी दोन स्टड (नट आवळायचे खिळे) मोडले. समुद्राची हवा आणि गोव्याचा पाऊस, खालचा एक नट सरळ निघेल तर शप्पथ. नवीन स्टड, सेन्सरमधली ती नळकांडी काढून सेन्सर जागेवर, कोड पुसून दोन-तीन दिवस चालवली, रेडीनेस पूर्ण झालं, मागची रेघ ०.६८ वर सपाट. आता काय, सरळ पास असं आम्ही धरून चाललो.

चौथी टेस्ट. सीओ ०.०३, एचसी १४, वा! अडीच हजारावर लॅम्डा १.०६. फेल.

भाऊ गाडीच्या बॉनेटवर डोकं टेकून उभा राहिला.

पण आता आमच्याकडे जोडी होती. सीओ एचसी उत्तम, लॅम्डा एकटा वर, ऑक्सिजन थोडा वर. स्कॅनरवर पुढच्या सेन्सरचं सगळं ठीक, ट्रिम तोच अधिक ७. म्हणजे इंजिनात जाणारी हवा बरोबर आहे, जास्तीची हवा पुढच्या सेन्सरच्या मागे कुठेतरी शिरतेय. सायलेन्सरमध्ये धूर सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो, दोन धक्क्यांच्या मधे क्षणभर ओढ तयार होते आणि फटीतून बाहेरची हवा आत जाते, धूर बाहेर येण्याइतकीच सहज. शोधायची पद्धत सोपी: सकाळी गाडी पूर्ण थंड असताना स्टार्ट करायची, एकाने मागच्या पायपांवर ओलं फडकं दाबायचं, दुहेरी असतील तर दोन्हीवर, आणि दुसऱ्याने खाली वाकून ऐकायचं. इंजिन गुदमरत बंद पडायला आलं तर लाइन घट्ट, फुस्स आवाज आला तर तिथे फट. जास्त वेळ दाबू नका आणि बंद शेडमध्ये तर हा उद्योग अजिबात नको, सीओला वास नसतो. आमच्याकडे कॅटच्या मागच्या जॉइंटला फुस्स, आणि तिथे गॅस्केटच्या (जॉइंटमधली चकती) कडेला काळ्या काजळीची एक बारीक जीभ उमटलेली. मेस्त्रीने घाईत जुनंच गॅस्केट परत वापरलं होतं, स्वतःच कपाळाला हात लावला. नवीन गॅस्केट, दोन्ही तोंडं घासून सपाट, आणि एकदा गरम होऊन निवल्यावर नट परत आवळले.

पाचवी टेस्ट: आयडल सीओ ०.०२, एचसी ११, अडीच हजारावर सीओ ०.०१, लॅम्डा १.००. पास. बीएस फोर असल्यामुळे एक वर्षाची मिळाली, बीएस थ्री किंवा जुनी असती तर सहा महिन्यांची. मी प्रिंटचा आणि स्क्रीनचा दोन्ही फोटो काढला, घरी येऊन एमपरिवहनवर नंबर टाकून बघितलं की नोंद चढलीय, मग भावाला म्हटलं आता दे टोकन. किंमत पण साठ हजारांनी उतरली, यार्डवाल्याला एव्हाना आमचा कंटाळा आला होता.

कागदांचं थोडक्यात, कारण परराज्यातली गाडी आहे. पुण्याच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, नाव बदलायला २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, मग इथला रोड टॅक्स आणि जीए नंबर. या सगळ्यात चालू पीयूसी लागतेच. आणि २०१३ च्या गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी म्हणजे २०२८ ला संपतं, नूतनीकरणाला इन्स्पेक्टर गाडी बघतो, तेव्हा खाली नवऱ्यामुलासारखा चकचकीत डबा असला तर काय उत्तर देणार होतो आम्ही, कल्पना नाही.

गाडी घरी आणली त्या संध्याकाळी आम्ही दोघं साखळी गावापर्यंत फिरून आलो. भाऊ गप्प होता. मला वाटलं पैशाचं दडपण असेल. परत येताना एका ठिकाणी त्याने गिअर पाडून रेस दिली, गाडी सुटली झक्कास, पण तो पर्वरीचा खर्ज काही आला नाही, साधा सभ्य आवाज.

"दादा, मेस्त्रीकडे तो जुना पाइप अजून असेल ना रे?"

असेल कसला. मेस्त्रीच्या वाइसच्या टेबलाला कित्येक वर्षं एक पाय नव्हता, खाली विटा लावलेल्या. दुसऱ्या दिवशी गेलो तर विटा बाजूला होत्या आणि टेबल एकदम लेव्हलला.